मेमध्ये म्युनिकला दादाकडे: सोबत दोन वर्षांची होऊ घातलेली लेक. कागदपत्रं, तिकीट, खाणं, औषधं?

मुळाकाठ

नमस्कार. मेच्या मध्यापासून चार आठवडे आम्ही तिघं पुण्याहून म्युनिकला सख्ख्या दादाकडे जाणार आहोत. निघताना लेक १ वर्ष ११ महिन्यांची असेल, दुसरा वाढदिवस तिकडेच होईल. वजन साडेअकरा किलो. आम्ही शाकाहारी. ती वरणभात, खिमट, नाचणीची खीर, दही आणि गाईचं दूध यावर असते, बाकी फारसं काही खात नाही.

प्रश्न असे:
१) माझा पासपोर्ट माहेरच्या नावाने आहे, लेकीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव सासरचं आहे. व्हिसाला अडेल का?
२) तिचं तिकीट मांडीवरचं काढावं की वेगळ्या सीटचं?
३) आईने भाच्यासाठी साजूक तूप, कंदी पेढे आणि एक पेटी हापूस द्यायचं ठरवलंय. नेता येईल का?
४) ताप-जुलाबाची औषधं इथूनच न्यावीत की तिकडे मिळतात?

दादा-वहिनी म्हणतात "तुम्ही फक्त या", पण त्यांना लहान मूल सांभाळून सात वर्षं झाली. म्हणून इथे विचारतेय.

शिक्कामोर्तब

आधी व्हिसाचं बोलतो, कारण यातलं अर्धं काम पुण्यात नाही, म्युनिकमध्ये व्हायचंय.

दादांना आजच त्यांच्या शहराच्या आउसलेंडरबेहोर्डे, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची वेळ घ्यायला सांगा. तिथे पगाराच्या पावत्या, घराचा भाडेकरार आणि स्वतःचा रहिवास परवाना दाखवून 'फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग' मिळतं. पाहुण्यांचा राहण्या-खाण्याचा, आजारपणाचा आणि परतीचा खर्च मी उचलेन असं ते सरकारी हमीपत्र. शुल्क २९ युरो. एकाच पत्रात मुख्य पाहुणा, जोडीदार आणि मूल अशी तिन्ही नावं बसतात. नावं पासपोर्टवर आहेत तशीच, अक्षर न् अक्षर कळवा. मधलं नाव पासपोर्टात असेल तर तेही. हे पत्र सहा महिने चालतं आणि व्हिसाच्या अर्जाला मूळ प्रत लागते, म्हणून कुरिअरचे दिवसही हिशोबात धरा. मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात. लोक इथल्या व्हिसा अर्ज केंद्राची अपॉइंटमेंट आधी घेतात आणि मग पत्र वेळेत येत नाही, ही नेहमीची चूक.

हमीपत्र नसेल तरी अर्ज करता येतो. मग स्वतःचे बँकेचे उतारे आणि आयकर विवरणपत्रं भक्कम लागतात, सोबत दादांचं साधं निमंत्रणपत्र. हमीपत्र असलं तरी परत येणार याचा पुरावा लागतोच: नोकरीतली मंजूर रजा, व्यवसाय असेल तर त्याची नोंदणी.

लेकीसाठी स्वतंत्र अर्ज, स्वतंत्र पासपोर्ट, स्वतंत्र व्हिसा. तिच्या अर्जावर आई-वडील दोघांच्याही सह्या हव्यात. एकाचीच सही, ही लहान मुलांच्या अर्जातली सर्वांत सामान्य त्रुटी. सहा वर्षांखालच्या मुलांना व्हिसाशुल्क नाही (मोठ्यांना ९० युरो), बाराखालच्यांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. फोटो मात्र ३५ गुणिले ४५ मिलिमीटर, फिकट पार्श्वभूमी, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि मागे धरणाऱ्याचा हात दिसता कामा नये. या वयाच्या मुलीचा असा फोटो स्टुडिओत उभं करून येत नाही. पांढऱ्या चादरीवर आडवं निजवून वरून काढायला सांगा.

नावाचा प्रश्न महाराष्ट्रात घरोघरी असतो आणि त्यावरून पासपोर्ट बदलायची गरज नसते. विवाह नोंदणी दाखला जोडा. तो फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्या. सोबत "ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची" असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र आणि अर्जासोबतच्या पत्रात एक स्पष्ट वाक्य. तपासणाऱ्याला जन्मदाखल्यावरची आई आणि पासपोर्टवरची आई जोडून देणारा कागद हवा असतो, एवढंच. आपले जन्मदाखले मराठी-इंग्रजी असतात, त्यामुळे त्याच्या भाषांतराचा खर्च वाचतो. पण दाखल्यावर बाळाचं नाव घातलेलं आहे ना, ते पाहा. बारशाच्या आधी काढलेल्या दाखल्यात तो रकाना कोराच राहिलेला असतो.

प्रवासविमा लेकीचाही वेगळा हवा. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण, संपूर्ण शेंगेन क्षेत्र (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश), मायदेशी परत आणण्याचा खर्च समाविष्ट. आपल्याकडची ५०,००० डॉलरची पॉलिसी त्यात बसते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस आधी. मेमधल्या प्रवासासाठी फेब्रुवारीत कागद तयार असावेत असं माझं मत. उन्हाळी सुट्टीसाठी केंद्रातल्या वेळा मार्चपासून झपाट्याने संपतात.

टेकऑफ

तिकिटाचं: दोन वर्षांखालचं मूल मांडीवर, भाडं साधारण मोठ्यांच्या दहा टक्के अधिक कर. पण वय जाण्याच्या दिवशीचं बघून भागत नाही. परतीच्या दिवशी लेक दोनची झालेली असेल, म्हणजे परतीला तिला स्वतःची सीट घ्यावीच लागेल. काही कंपन्या जाताना मांडी आणि येताना सीट असं एकाच तिकिटात करून देतात, काही दोन्ही बाजूंना बालभाडं लावतात. संकेतस्थळावर 'शिशु' निवडून पुढे गेलात तर परतीच्या तारखेला ते अडतं. आणि नाही अडलं तर पुढे विमानतळावर तुम्ही अडता. त्यामुळे हे बुकिंग फोनवरून करा, आणि जन्मतारीख सांगून "परतीला दोन पूर्ण" हे आधी बोला.

माझा सल्ला, दोन्ही वेळा सीट घ्या. मुंबई ते म्युनिक थेट विमान साधारण नऊ तास घेतं. साडेअकरा किलोची झोपलेली मुलगी तितका वेळ मांडीवर म्हणजे दोघांचीही झोप नाही, आणि उतरल्यावरचे पहिले दोन दिवस त्यातच जातात. भिंतीला लावायचा पाळणा या वजनाला आणि उंचीला मिळेल असं धरून चालू नका.

कानाचं: विमान उतरायला लागतं ते जमिनीला टेकण्याच्या साधारण अर्धा तास आधी. दडे बसतात ते उतरताना, चढताना कमी. त्या वेळी घोट-घोट पाणी किंवा दूध देत राहायचं, कारण गिळताना कानाची नळी उघडते. झोपली असेल तर उतरायला सुरुवात होताच उठवा. झोपेत गिळणं कमी होतं आणि मग अचानक कळ येऊन रडतच जागी होते. निघायच्या वेळी नाक चोंदलेलं असेल तर उतरण्याआधी मीठपाण्याचे थेंब. झोप यावी म्हणून सर्दीचं औषध पाजायचा सल्ला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. अशा औषधांनी काही मुलं झोपण्याऐवजी उलट चेकाळतात, आणि प्रोमेथाझिन हे अशा सरबतांतलं गुंगी आणणारं औषध तर दोन वर्षांखाली द्यायचंच नसतं, श्वास मंदावण्याचा धोका असतो.

विमानातलं खाणं. यात खिमटाची चूक हमखास होते. भाजून दळलेल्या तांदूळ-मूगडाळीच्या पिठाला सात-आठ मिनिटं उकळी लागते. विमानातलं गरम पाणी उकळतं नसतं, त्यात ते पीठ वरून फुगलेलं दिसतं पण आत कच्चं राहतं आणि पोट दुखतं. विमानासाठी आधीच फुललेली किंवा शिजून चपटी झालेली वस्तू हवी. पातळ पोहे मंद आचेवर कुरकुरीत भाजून पूड करा, किंवा राजगिऱ्याच्या लाह्यांचं पीठ. तीन मोठे चमचे पूड, चिमूटभर जिरेपूड, साखर, मीठ. अशा चार पुड्या. वेळ आली की एका पुडीला अर्धी वाटी गरम पाणी, पाच मिनिटं झाकण. बाळाच्या दुधा-पाण्याला शंभर मिलीलिटरची मर्यादा लागत नाही, पण तपासणीला ते वेगळं काढून दाखवावं लागतं, म्हणून पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा.

पुरणयंत्र

आईंच्या यादीपैकी तूप आणि पेढे नाहीत, हापूसही नाहीत. वाईट वाटेल, पण नियम स्पष्ट आहेत.

युरोपीय संघात बाहेरच्या देशातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ वैयक्तिक सामानातूनसुद्धा आणता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, चक्का, पनीर हे सगळं त्यात येतं. पेढा म्हणजे मुख्यतः दूधच, त्यामुळे "मिठाई आहे" म्हणून सुटत नाही. सापडलं तर जप्त होतं, वर दंडही होऊ शकतो. एकच सवलत लेकीच्या उपयोगाची आहे: लहान बाळांची दूधपावडर आणि बाळांचं तयार खाणं २ किलोपर्यंत. पण ते कंपनीच्या सीलबंद पाकिटात हवं (चालू वापरातलं फोडलेलं चालतं) आणि उघडण्यापूर्वी फ्रिज न लागणारं.

ताजी फळं, भाज्या, पानं यांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त पाच फळांना आहे: केळं, नारळ, खजूर, अननस आणि ड्युरियन. म्हणजे हापूसची पेटी नाही, ताजा कढीपत्ताही नाही. वाळवलेला कढीपत्ता न्या. आंब्यासाठी डबाबंद आमरस आणि आंबापोळी. डबे मोठ्या बॅगेत, हातातल्या सामानात आमरस द्रव धरतात.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र मुंबईतच बॅगेतून बाहेर काढतात. त्यात तेल भरपूर असल्याने विमानात ते ज्वलनशील मानलं जातं. वाटून गोड्या मसाल्यात गेलेलं खोबरं निराळं. चिवडा, चकली, भाकरवडी, मेतकूट, लोणचं यांना अडचण नाही. लोणच्याची बरणी झाकणाखाली प्लास्टिकचा कागद घालून घट्ट करा, मग दोन पिशव्यांत.

आता तिथे काय मिळतं ते सांगते. हे कळलं की निम्मी बॅग रिकामी होते.

साजूक तुपाला 'बुटरश्माल्त्स' म्हणायचं. लोणी कढवून केलेलंच असतं, कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. वास आपल्या तुपाइतका खमंग नसतो. पातेल्यात मंद आचेवर दोन-तीन मिनिटं गरम करून त्यात विड्याच्या पानाऐवजी चार मेथीदाणे तडतडवून गाळलं की बरंच जवळ येतं. चक्क्याच्या जागी 'क्वार्क'. 'मागरक्वार्क' लिहिलेलं बिनस्निग्धांशाचं असतं, ते मुलीसाठी घेऊ नका, ४० टक्केवालं घ्या. फडक्यात बांधून तासभर टांगलं की श्रीखंड होतं, भाच्याचे पेढे त्यावर भागवा. रव्याला 'वाइखवाइत्सेनग्रीस', तो बारीक असतो, खिरीला आणि सांज्याला उत्तम. 'मिल्खराइस' नावाचा आखूड जाड तांदूळ मिळतो. आंबेमोहोराचा वास नाही, पण भात तसाच मऊ, चिकटसर होतो. एक वाटीला चार वाट्या पाणी घालून कुकरला लावला तर लेकीला फरक कळायचा नाही. सोललेली मसूर डाळ 'रोटे लिन्झेन' नावाने सगळीकडे. मूगडाळ, हिंग, पोहे मुख्य स्टेशनच्या परिसरातल्या भारतीय दुकानांत. दही 'नाटूरयोगुर्ट', ३.५ टक्के स्निग्धांशाचं.

घरून न्यायचं ते एवढंच: अर्धा किलो नाचणीचं सत्त्व (ते साध्या दुकानात मिळत नाही), अर्धा किलो खिमटाचं पीठ आणि वरच्या प्रतिसादातली पोह्याची पूड. खिमटाला दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ. धुऊन सावलीत पूर्ण वाळवा, तांबूस भाजा, एक चमचा जिरं घालून रवाळ दळा. अर्धवट वाळलेलं दळलं की दहा दिवसांत कुबट वास येतो. पाकिटावर इंग्रजीत ठळक "भाजलेलं तांदूळ-डाळ पीठ, बाळाचा आहार, दूध नाही" असं लिहून चिकटवा. बिनलेबलची पांढरी पूड म्हटली की प्रश्न येणारच. आणि कच्चं धान्य नेऊ नका, त्याचे नियम वेगळे आहेत.

शाकाहारासाठी पाच-सहा शब्द फ्रिजवर लावा. बाळांच्या खाण्याच्या काचेच्या बरण्यांवर गाजर-बटाट्याचं चित्र असतं आणि आत मांस असू शकतं. 'फ्लाइश' मांस, 'रिंट' गाई-बैलाचं, 'हून' कोंबडी, 'पुटे' टर्की, 'श्वाइन' डुक्कर, 'फिश' मासे. 'जेलाटीने' काही गोड पुडिंगांत आणि जेलीच्या गोळ्यांत असतं.

रविवारी दुकानं बंद असतात, जवळजवळ सगळी. शिवाय बायर्नमध्ये, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, मे-जूनमध्ये ईस्टरनंतरच्या धार्मिक सुट्ट्या लागोपाठ येतात, तेव्हाही बंद. दूध, डायपर शनिवारी दुपारीच भरून ठेवा. डायपर इथून चार आठवड्यांचे नेऊ नका. प्रवासाचे आणि पहिल्या दोन दिवसांचे मिळून पंधरा पुरेत.

मुळाकाठ

पेढ्यांचं आईला आजच सांगते. बुटरश्माल्त्स लिहून घेतलं. अजून दोन गोष्टी: विमानतळावरून दादा गाडी घेऊन येणार आहे, तर कारसीट इथून न्यावी का? आणि ती रात्री साडेनऊला झोपते, सकाळी सातला उठते. तिकडे गेल्यावर काय होतं?

कडुलिंब

औषधांचं राहिलंय, ते आधी. इथूनच न्या. तिथे साधं पॅरासिटामॉलचं सरबतसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, 'अपोथेके'त, म्हणजे औषधांच्या दुकानातच मिळतं, आणि रविवारी एखादंच उघडं असतं. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो तीव्रतेचा. आपल्याकडे पॅरासिटामॉल ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ अशा दोन प्रकारांत येतं. तिकडच्या सरबतात बऱ्याचदा १ मिलीत ४० मिग्रॅ, म्हणजे ५ मिलीत २०० असतं. एका वेळचा डोस वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिग्रॅ. साडेअकरा किलोला ११५ ते १७० मिग्रॅ. १२० वाल्या बाटलीतून ते ५ ते ७ मिली होतं, २५० वाल्यातून अडीच ते सव्वातीन, तिकडच्यातून तीन ते सव्वाचार. "पाच मिली द्यायचं" एवढंच डोक्यात ठेवून बाटली बदलली की डोस थेट दुप्पट होऊ शकतो. म्हणून तुमच्या डॉक्टरांकडून लेटरहेडवर औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅममध्ये डोस आणि दोन डोसांतलं अंतर लिहून घ्या. आपल्याकडे आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेलं सरबत मिळतं, ते नेऊच नका. वहिनींनी वर तिकडचं पॅरासिटामॉल दिलं तर ते दोनदा जातं.

ओआरएसची २०० मिलीवाली छोटी पाकिटं घ्या, आठ-दहा. लिटरची पाकिटं घराघरात पेल्यात कालवली जातात, मग मीठ अनेक पटींनी वाढतं आणि बाळाला ते अपायकारक असतं. तिथलं नळाचं पाणी पिण्याजोगं आहे.

तातडी असेल तर ११२. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी ताप-उलटीसारखं असेल आणि जीवावरचं नसेल तर ११६११७, तिथून जवळचा ड्युटीवरचा डॉक्टर कळतो. डॉक्टरांची फी बहुधा आधी स्वतः भरावी लागते, बिलावर निदान लिहून घ्या, त्याशिवाय विम्याचा दावा अडतो.

बालकमंदिर

कारसीट नेऊ नका, पण दादांनी सीट मिळवल्याशिवाय विमानतळावर येऊही नये. जर्मनीत बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला मान्यताप्राप्त सीट सक्तीची आहे. मांडीवर बसवलं तर चालवणाऱ्याला ६० युरो दंड आणि परवान्यावर एक दंडगुण. मुळात दंडापेक्षा हे मोठं की ताशी ५० किमीच्या धडकेत साडेअकरा किलोचं मूल कोणाच्याही हातात राहत नाही. शेजाऱ्यांकडून उसनी घेतली तर मागचं नारिंगी लेबल बघायचं, त्यावर 'आर ४४/०४' किंवा 'आर १२९' हा सुरक्षा मानकाचा क्रमांक हवा. अपघातात सापडलेली सीट घ्यायची नाही. सीट जमली नाही तर विमानतळावरून एस-बान गाडीने साधारण चाळीस मिनिटांत मुख्य स्टेशन, सहा वर्षांखाली तिकीट नाही.

झोपेचं गणित: उन्हाळ्यात भारत साडेतीन तास पुढे. तिची साडेनऊची झोप तिथे संध्याकाळी सहाला येईल आणि पहाटे साडेतीनला ती टक्क जागी असेल. पहिल्या दिवशी सात, दुसऱ्या दिवशी आठ, असं रोज तासाभराने पुढे ढकला. दुपारची झोप दीड तासापेक्षा जास्त होऊ देऊ नका. अडचण वेगळीच येते: जूनच्या सुरुवातीला म्युनिकमध्ये सूर्य नऊनंतर मावळतो. उजेडात ती झोपणार नाही. तिथल्या बहुतेक घरांच्या खिडक्यांना बाहेरून पट्ट्यांचं शटर असतं, 'रोललाडेन'. ते साडेसातलाच पूर्ण खाली सोडायचं आणि सकाळी उठल्या उठल्या पूर्ण उघडून तिला उन्हात न्यायचं. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ असते. पहाटे चारला लाकडी जमिनीवर उड्या मारल्या तर खालच्यांची झोपमोड होते, म्हणून तिच्या खेळायच्या कोपऱ्यात जाड सतरंजी किंवा फोमची चटई टाका.

एक गोष्ट कोणी लिहिली नाही आणि ती मे-जूनमध्ये महत्त्वाची आहे: गोचीड. दक्षिण जर्मनीत गवतातल्या गोचिडींतून आजार पसरतात. बागेतून आल्यावर रोज, आंघोळीआधी, उजेडात सगळं अंग पाहायचं. कानामागे, केसांच्या कडेला, मानेवर, काखेत, बेंबीत, जांघेत, गुडघ्यामागे. पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं, तिळासारखं दिसतं पण पुसलं तर हलत नाही. बारीक टोकाचा चिमटा त्वचेला अगदी टेकवून तिला तोंडाजवळ पकडा आणि सावकाश सरळ वर ओढा. पोट दाबायचं नाही. तेल, तूप, हळद, चटका काहीही लावायचं नाही, त्याने ती पोटातलं जखमेत ओकते. नंतर जागा जंतुनाशकाने पुसा आणि मोबाइलवर फोटो काढून तारीख लिहून ठेवा. पुढच्या काही आठवड्यांत त्या जागेभोवती लाल कडं पसरायला लागलं किंवा ताप आला तर तो फोटो घेऊन डॉक्टरांकडे, मग तोवर तुम्ही पुण्याला परतला असलात तरी.